प्रजननशास्त्र, गरिबी आणि आपल्या मुली

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चालकांनी या समारंभात मला चार शब्द बोलण्यास पाचारण केले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मी काही नामवंत वक्ती नाही. नागपुरातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आणि आता निवृत्त होऊन घरी बसले आहे. बालपण मोमिनपुऱ्यात, हातमागाच्या खटखटाटात गेले. त्यामुळे समोर बसलेल्या आपणा सर्वांशी मला घरच्यासारखे बोलता येईल असे वाटते.

विषय निवडण्याचे स्वातंत्र्य चालकांनी माझ्यावर सोडले होते. मी निवडलेला विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. पण तो मला एका पालकाने दिला. दोन महिन्यांपूर्वी आपल्याच शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलीचे वडील माझ्याकडे आले. दुचाकी दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे त्यांचे. मुलगी बी.एस्सी. ला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून पुढे प्रजननशास्त्रात संशोधन करायचे म्हणते. ते बराच वेळ घुटमळले. मग खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, शिकायला माझी ना नाही. पण मुलीच्या जातीनं असला विषय घ्यावा का? उद्या तिच्या लग्नाच्या बैठकीत कुणी विचारलं, मुलगी कशात संशोधन करते, तर मी काय सांगू?"

मी त्यांना चहा दिला, पण उत्तर दिले नाही. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. आज ते या सभागृहात बसलेले आहेत. त्यांचे नाव मी घेणार नाही, पण उत्तर त्यांना आणि आपणा सर्वांना देणार आहे.

प्रथम हे शास्त्र आहे तरी काय, ते पाहू. जीव कसा जन्मास येतो, गर्भ कसा वाढतो, त्यात बिघाड कोठे व कशामुळे होतो, आई आणि मूल सुखरूप राहण्यासाठी काय लागते, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे प्रजननशास्त्र. आपण सर्वजण ज्या वाटेने या जगात आलो त्या वाटेचा हा अभ्यास आहे. तरीसुद्धा शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण आले की काय होते, ते इथल्या मुलामुलींना चांगले ठाऊक आहे. गुरुजी म्हणतात, "हा धडा घरी वाचून या." आणि घरी आई म्हणते, "असली चित्रं असलेलं पुस्तक उघडं टाकू नकोस." असा तो धडा शाळा आणि घर यांच्या मध्येच कुठेतरी हरवतो. मीही विद्यार्थिनी असताना त्या पानांवर वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते. पुढे तीस वर्षे तोच धडा शिकवला, तेव्हा कळले की आपण झाकले ते नेमके काय.

आपल्या नागपूरला या शास्त्राची जुनी परंपरा आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. १९०६ साली येथे व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स सुरू झाले. तीच पुढे आपली विज्ञान संस्था झाली. या शहरात प्रा. मोघे आणि त्यांच्यानंतर प्रा. गोपालकृष्ण यांनी वटवाघळांच्या गर्भविकासावर कित्येक वर्षे काम केले, आणि त्या कामामुळे जगातल्या प्राणिशास्त्रज्ञांना नागपूरचे नाव ठाऊक झाले. पडक्या वाड्यांत, जुन्या इमारतींत राहणारा हा जीव. त्याच्याकडे अपशकुनी म्हणून कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण या अभ्यासातून मोठ्या नवलाच्या गोष्टी पुढे आल्या. काही जातींच्या वटवाघळांत नर-मादीच्या मीलनानंतर शुक्राणू मादीच्या शरीरात पुष्कळ दिवस जिवंत राहतात आणि गर्भधारणा पुढे, योग्य वेळी होते. गर्भाशयाचे मेणात बसवलेले पातळ काप घ्यायचे, काचपट्टीवर रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून पाहायचे, असे हे चिकाटीचे काम असते. या कामाविषयी मला आदर आहे. तरी एक विचार माझ्या मनातून कधी जात नाही. वटवाघळाच्या गर्भाशयाचा इंच न् इंच नागपुरात तपासला जात होता, त्या काळात येथून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरच्या गडचिरोलीतल्या बाईला काय होते आहे, हे कोणालाही माहीत नव्हते. दोष प्राणिशास्त्रज्ञांचा नाही. त्या बाईपर्यंत कोणतेच शास्त्र पोहोचले नव्हते.

ते पोहोचवले आपल्याच विदर्भाच्या एका कन्येने. डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या आणि स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. झाल्या. पती डॉ. अभय बंग यांच्यासह त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेल्या आणि १९८४ साली दोघांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी मिळवली. तेथेच राहिले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण ते परत आले आणि गडचिरोलीला गेले. हा जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला. जंगल, आदिवासी वस्ती आणि गरिबी यांनी भरलेला. तेथे १९८६ च्या सुमारास त्यांनी 'सर्च' ही संस्था उभारली. सुरुवातीचे काम तेंदूपत्त्याच्या गोदामात चालत असे.

डॉक्टरीणबाई बायकांशी बोलू लागल्या. बायका सुरुवातीला डोकेदुखी, कंबरदुखी, अशक्तपणा सांगत. ओळख वाढली, दार बंद झाले, की मग हळूच म्हणत, "बाई, अंगावरून पांढरं जाते." ही तक्रार इतक्या जणींकडून आली की तिचे माप घ्यायला हवे असे ठरले. येथेच सेवा आणि संशोधन यांतला फरक लक्षात घ्या. दवाखान्यात येणाऱ्या दहा जणींना औषध देणे ही सेवा झाली. न येणाऱ्यांना काय होते आहे, हे गावात जाऊन मोजणे हे संशोधन झाले. दोन गावे घेतली गेली. ६५० स्त्रियांची माहिती घेऊन रीतसर तपासणी झाली, प्रयोगशाळेतल्या चाचण्या झाल्या. जानेवारी १९८९ मध्ये हा अहवाल लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला.

त्यातले आकडे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घ्यावेत. ६५० पैकी ५५ टक्के स्त्रियांनी स्वतःहून काही तक्रार सांगितली. ४५ टक्के म्हणाल्या, आम्हाला काही नाही. पण तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी एक वा अधिक रोग आढळले. सरासरी काढली तर एका बाईमागे ३.६ रोग. त्यांतला निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गाचा, म्हणजे बहुतेक औषधाने बऱ्या होणाऱ्या दुखण्यांचा. आणि याआधी आयुष्यात कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

९२ आणि ८ हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ६५० बायकांपैकी सहाशेच्या आसपास आजारी, आणि डॉक्टरने कधी तपासलेल्या जेमतेम पन्नास-बावन्न. 'काही नाही' म्हणणाऱ्यांतही बहुतेक आजारीच निघाल्या. म्हणजे बाई गप्प आहे यावरून ती बरी आहे असे समजता येत नाही. गप्प राहण्याची तिला सवय झालेली असते, एवढेच.

हा संसर्ग अंगावर काढला तर काय होते, तेही थोडक्यात सांगते. निरोगी स्त्रीच्या योनिमार्गात उपकारक जंतू असतात. दह्यातल्या जंतूंचेच ते भाऊबंद. ते तेथे आम्लता राखतात आणि त्यामुळे रोगजंतूंना थारा मिळत नाही. हा समतोल बिघडला, त्यात रक्तक्षय आणि अस्वच्छ बाळंतपण यांची भर पडली, की रोगजंतू वर चढतात. गर्भाशयापासून पुढे निघणाऱ्या दोन नलिका शेवयांसारख्या नाजूक असतात. त्यांना सूज येते, व्रण पडतात आणि वाट बंद होते. क्षयरोगाचे जंतूही आपल्या देशात अनेकींच्या नलिका अशाच बंद करतात. आणि दाटीवाटीच्या, हवा नसलेल्या खोल्यांत क्षय कसा फिरतो, हे आपल्या मोहल्ल्यांना शिकवायला नको. मग मूल होत नाही. मग घरात कुजबुज सुरू होते, टोमणे सुरू होतात, दुसरेपणाच्या गोष्टी सुरू होतात. वास्तविक मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. पण तपासणीला पाठवतात ती बाईला, आणि दोषही तिच्याच पदरात. ज्या आजाराचे मूळ गरिबीत, त्याची शिक्षा अब्रूवर, असा हा उफराटा न्याय आहे.

गडचिरोलीच्या या अभ्यासाचे पडसाद दूरवर उमटले. तोपर्यंत सरकारी योजनांना स्त्री दोनच वेळा दिसत असे, गरोदर असताना आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी. मधल्या साऱ्या आयुष्यात तिला काय दुखते, हा प्रश्न कागदावर नव्हता. १९९४ साली कैरोला लोकसंख्येवर जागतिक परिषद भरली, तेव्हा नुसते आकडे कमी करण्याची भाषा मागे पडून स्त्रीचे प्रजनन आरोग्य हा विषय पुढे आला. त्या बदलाला ज्या अभ्यासांनी आधार दिला, त्यांत विदर्भातल्या दोन गावांचा हा अभ्यास गणला जातो. पुढे 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्येच त्याचा अहवाल आला. ३९ गावांत हे काम झाले आणि तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर, तुलनेच्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी खाली आला. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन घेतात, त्यामागे हे संशोधन आहे. या दाम्पत्याला २०१८ साली पद्मश्री मिळाली. पण पदकापेक्षा मला त्या बंद दाराचे महत्त्व अधिक वाटते. त्या खोलीत पुरुष शास्त्रज्ञ कितीही विद्वान असता तरी त्याला ते उत्तर मिळाले नसते. बाईला बाईनेच विचारावे लागले.

आता थोडे घरचे सांगते. हे मी आजवर व्यासपीठावरून कधी बोलले नाही.

माझी मोठी बहीण, आपा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. कामठीला दिलेली. घरी बसून विड्या वळायची. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिला अंगावरून जाण्याचा त्रास सुरू झाला. ओटीपोटात दुखायचे. तिने अम्मीला सांगितले. अम्मी म्हणाली, "बेटी, औरत जात को ये सब होता ही है." अम्मीचाही दोष नाही, तिला तिच्या आईने हेच सांगितले होते. आपाने अकरा वर्षे ते दुखणे काढले. एकदा कशीबशी एका दवाखान्यात गेली. तेथे बाई डॉक्टर नव्हती, पडदा नव्हता आणि रांगेतल्या साऱ्यांच्या देखत तिला मोठ्याने प्रश्न विचारले गेले. ती तशीच परत आली आणि पुन्हा कधी गेली नाही.

आणि या सर्व वर्षांत मी काय करीत होते? मी नागपुरात, वीस किलोमीटरच्या आत, फळ्यावर सशाची प्रजनन संस्था काढून मुलींना शिकवत होते. गर्भाशय, नलिका, अंडाशय, सारी नावे मला पाठ होती. ईदला आपा घरी यायची. आम्ही शेजारी बसून शीरखुर्मा खायचो. मी तिला एकदाही विचारले नाही, "आपा, तुला काही त्रास आहे का?" मला लाज वाटत होती. ज्या विषयाचा मला पगार मिळत होता, त्या विषयावर मी सख्ख्या बहिणीशी बोलू शकत नव्हते.

रक्त जाऊ लागले तेव्हा तिला नागपूरला आणले. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता, आणि तो पसरला होता. १९९६ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आपा गेली. अकरा वर्षांची ती तक्रार आणि हा कर्करोग एकच होते, असे मी म्हणत नाही. परंतु हा रोग एका रात्रीत येत नाही. गर्भाशयमुखाच्या पेशींत पहिले बदल झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. त्या काळात कोणी एकदा नीट तपासले असते, तर ते बदल दिसले असते आणि साध्या उपचाराने काढून टाकता आले असते.

हे मी मनाचे सांगत नाही. याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया त्यात होत्या. हा रोग एका विषाणूमुळे होतो, त्याचे नाव एचपीव्ही. या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच केली आणि ज्यांच्यात दोष दिसला त्यांना उपचार दिले, तरी त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. २००९ साली हे निष्कर्ष जगापुढे आले. शेतात राबणाऱ्या, निरक्षर बायकांनी या चाचणीसाठी पुढे येऊन जगाला शास्त्र शिकवले. आज त्या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेने तयार केलेली देशी लस २०२३ पासून मिळू लागली आहे. ती लहान वयात, मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असताना दिली तर सर्वांत उपयुक्त ठरते. येथे बसलेल्या मातांनी आपल्या डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारावे, आणि तीस वर्षांवरील प्रत्येक बाईने स्वतःची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे या रोगाचे प्रमाण थोडे नाही. २०२० सालच्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या जवळपास स्त्रियांना तो झाला आणि सत्त्याहत्तर हजारांहून अधिक दगावल्या. माझी आपा अशा मोजणीत एक आकडा होऊन गेली.

बंधु-भगिनींनो, आपल्या समाजातल्या बाईविषयी बाहेर पुष्कळ बोलले जाते. पण ती किती मुले जन्माला घालते, एवढ्यापुरतेच ते असते. त्या बोलण्यालाही आकड्यांचेच उत्तर द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १९९२-९३ साली मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत ही सरासरी २.३६ वर आली. मुली शाळेत टिकल्या, लग्नाचे वय वाढले, बाळे जगू लागली, की कुटुंब आपोआप लहान होते. हे प्रत्येक समाजात घडले आणि आपल्यातही घडत आहे. मात्र बाहेरचे मुले मोजतात आणि घरातले वंशाचा दिवा मागतात; त्या बाईची प्रकृती कशी आहे, हे दोघेही विचारत नाहीत. हा प्रश्न विचारणारे कोणीतरी आपल्यातूनच निघाले पाहिजे.

येथे मला सातासमुद्रापलीकडच्या एका शास्त्रज्ञाची आठवण होते. अर्नेस्ट एव्हरेट जस्ट हे त्यांचे नाव. १८८३ साली अमेरिकेच्या दक्षिणेत, चार्ल्स्टन शहरात, कृष्णवर्णीय कुटुंबात जन्म. चार वर्षांचे असताना वडील वारले. आई शाळामास्तरीण. तिनेच मुलाला घडवले. अंड्याचे फलन होताना त्याच्या पृष्ठभागावर काय घडते, एक शुक्राणू आत गेल्यावर दुसऱ्याला दार कसे बंद होते, याचा सूक्ष्म अभ्यास त्यांनी समुद्रातल्या जीवांच्या अंड्यांवर वर्षानुवर्षे केला. १९१६ साली शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विद्वत्ता अशी, की युरोपातल्या प्रयोगशाळा त्यांना सन्मानाने बोलावीत. परंतु स्वतःच्या देशात, कातडीच्या रंगामुळे, एकाही मोठ्या गौर विद्यापीठाने त्यांना जागा दिली नाही. कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवीत शिकवीत त्यांनी काम चालू ठेवले. १९३९ साली त्यांचा पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्रंथ आला आणि १९४१ साली ते वारले. पेशीचे कवच हे नुसते वेष्टन नसून जिवंत, कर्तबगार भाग आहे, हा त्यांचा आग्रह पुढच्या शास्त्राने मान्य केला.

दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, हे दुःख आपल्याला अपरिचित नाही. सच्चर समितीने २००६ साली नोंदवले, की देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर पंचवीस विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तर वर्गात दर पन्नासांत एक मुस्लिम आहे. अल्पसंख्याक संशोधकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. ही अडचण खरी आहे, आणि तिच्याविषयी रास्त मागणी करीत राहिलेच पाहिजे. पण रडत बसण्याचेही कारण नाही. सी.एस.आय.आर. व यू.जी.सी. यांची नेट परीक्षा सर्वांना खुली आहे. तीत कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. मुंबईला परळ येथे १९७० साली सुरू झालेली, प्रजनन व बाल आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. येथे नागपुरात विद्यापीठ आहे, विज्ञान संस्था आहे, मेडिकल आहे, मेयो आहे, २०१८ पासून एम्स आहे. मोमिनपुऱ्यातून मेयोला पायी जाता येते. वाट लांबची नाही, पाऊल उचलायचे आहे.

विद्यार्थ्यांनो, संशोधनासाठी फार मोठी बुद्धी लागते असे समजू नका. लागतो तो नीट विचारलेला प्रश्न, मोजण्याची शिस्त आणि आलेले उत्तर गैरसोयीचे असले तरी न लपवण्याचा प्रामाणिकपणा. प्रश्न तुमच्या घरात पडलेले आहेत. दिवसभर पाट मांडून विडी वळणाऱ्या बाईच्या पाठीचे आणि पाळीचे काय होते? हवा नसलेल्या खोलीत वाढणाऱ्या मुलीला रक्तक्षय किती? आपल्या मोहल्ल्यातली बाई दवाखान्यात का जात नाही. पैशामुळे, पडद्यामुळे, की तेथे मिळणाऱ्या वागणुकीमुळे? हे प्रश्न बाहेरच्या विद्वानाला सुचणारच नाहीत, आणि सुचले तरी त्याच्यासमोर आपली खाला तोंड उघडणार नाही. तुमच्यासमोर उघडेल. ज्याला आपण आजवर आपले मागासलेपण समजलो, ते घर, ती भाषा, तो उंबरठा हेच तुमचे संशोधनाचे भांडवल आहे.

मुलांनाही दोन शब्द सांगते. हा बायकांचा विषय म्हणून हसण्यावारी नेऊ नका. उद्या तुम्ही नवरे व्हाल, बाप व्हाल. तपासणीला बायकोबरोबर जाणारा आणि गरज पडली तर स्वतःची तपासणी करून घेणारा नवरा हीसुद्धा समाजाची मोठी सुधारणा आहे.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळते. भाईसाहेब, तुम्ही विचारलेत, लग्नाच्या बैठकीत काय सांगू. तुमच्या दुकानात बंद पडलेली गाडी येते तेव्हा तुम्ही इंजिन उघडायला लाजत नाही. उघडल्याशिवाय दोष सापडत नाही, हे तुम्ही जाणता. मग बैठकीत मान वर करून सांगा, की आमची मुलगी आया-बहिणी कशाने मरतात ते शोधते, म्हणजे पुढच्या वाचतील. हे ऐकून जे पाहुणे उठून जातील, ते घर तुमच्या मुलीच्या योग्यतेचे नव्हतेच. आणि जे बसून राहतील, त्यांच्या घरात निदान एका बाईचे दुखणे तरी वेळेवर विचारले जाईल. ज्ञान मिळवणे स्त्री-पुरुष दोघांचेही कर्तव्य आहे, असे आपण प्रत्येक जलशात ऐकतो आणि माना डोलावतो. त्या ज्ञानातून एक धडा वगळावा, असे मात्र कोणीही सांगितलेले नाही.

शेवटी आपणा सर्वांकडे एकच मागणे आहे. आज घरी गेल्यावर, जेवणे उरकली की, आपल्या आईला, बहिणीला, बायकोला, सुनेला जवळ बसवून विचारा, "तुला काही त्रास आहे का?" ती पहिल्यांदा म्हणेल, "काही नाही." गडचिरोलीच्या बायकाही तेच म्हणाल्या होत्या. माझ्या आपाला तेवढे विचारायलाही कोणी गेले नाही, मीसुद्धा नाही. म्हणून म्हणते, एकदा विचारून थांबू नका, पुन्हा विचारा.